बातमीच्या वेषांतील जाहिरात

जाहिरात हा कांहीं गुन्हा नव्हे. दुकानदारानें दारावर पाटी लावावी, कासारानें गल्लींतून आरोळी द्यावी, औषधवाल्यानें आपल्या औषधाचे गुण चार लोकांत सांगावे, यांत आक्षेपार्ह असें कांहीं नाहीं. सांगणारा आपल्या मालाविषयींच बोलत आहे हें ऐकणारास ठाऊक असतें व तो सावध राहतो. हिंदुस्थानांतील पहिलें वृत्तपत्र जेम्स ऑगस्टस हिकी यानें २९ जानेवारी १७८० रोजीं कलकत्त्यास काढलें. त्याच्या नांवाच्या उत्तरार्धांत ‘जनरल ॲडव्हर्टायझर’ हे शब्द उघडपणें छापलेले होते. लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राच्या पहिल्या पानावर ३ मे १९६६ रोजीं प्रथम बातम्या आल्या. तोंपर्यंत तें पान जाहिरातींचेंच असे, आणि त्यामुळें त्या पत्राची प्रतिष्ठा रतिभरहि उणी झाली नव्हती.

जाहिरात आपली पाटी उतरवून बातमीचा अंगरखा घालते तेव्हां मात्र प्रकरण बदलतें. दारीं बहुरूपी येतो तेव्हां तो बहुरूपी आहे हें घरांतील पोरासहि कळतें, व म्हणूनच त्याच्या सोंगाचें कौतुक होतें. सोंग ओळखूं न देतां जो घरांत शिरतो त्यास आपण निराळें नांव देतों.

हा विषय आज हातीं घेण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला. आमच्या स्नेह्यांपैकीं एक सेवानिवृत्त शिक्षक मधुमेहानें आजारी आहेत. गेल्या वर्षीं त्यांच्या दूरध्वनीयंत्रावर एक बातमी आली. वर तारीख, खालीं ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ ही ओळ, मध्यें गळ्यांत नाडीपरीक्षेची नळी अडकविलेल्या एका गृहस्थाचें छायाचित्र, आणि मजकूर असा कीं, एका चूर्णानें शेंकडों रुग्णांच्या गोळ्या सुटल्या. गुरुजींनीं चूर्ण मागविलें व गोळ्या आपल्या मनानें निम्म्यावर आणल्या. तीन आठवड्यांनीं ते स्वयंपाकघरांत भोंवळ येऊन पडले. रुग्णालयांतून घरीं आल्यावर त्यांच्या मुलीनें तो मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका साधनापुढें ठेवला. मिनिटाच्या आंत उत्तर आलें: ही बहुधा जाहिरात आहे, हाच मजकूर केवळ गांवाचें नांव बदलून आणखी चार ठिकाणीं आढळतो. गुरुजी कष्टी होऊन आम्हांस म्हणाले, “चाळीस वर्षें मुलांचे निबंध तपासले. कोणी कोणाची वही उतरवली तें एका नजरेंत ओळखत असें. यंत्रास मिनिटांत कळलें तें मला कां कळूं नये?”

प्रश्न साधा आहे, पण त्याचें उत्तर शोधूं लागतांच आम्हांस सव्वाशें वर्षें मागें जावें लागलें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील वर्तमानपत्रें बहुतांशीं पेटंट औषधांच्या जाहिरातींवर पोसलेलीं असत. त्या काळीं तेथें ‘रीडिंग नोटिस’ म्हणून एक प्रकार रूढ होता. जाहिरात बातमीच्याच टाइपांत, बातमीच्याच स्तंभांत, कोणतीहि खूण न करतां छापावयाची, आणि दर साध्या जाहिरातीपेक्षां अधिक घ्यावयाचा. हा अधिकाचा पैसा जागेचा नव्हता. वाचकाच्या विश्वासाचें तें भाडें होतें. लिडिया पिंकहॅम या बाईच्या नांवाचें एक औषध स्त्रियांत फार खपे. त्यांत सुमारें १८ टक्के मद्यार्क असे. ‘बाईंना पत्र लिहा, त्या सल्ला देतील’ असें आवाहन छापून येई आणि हजारों स्त्रिया आपलें दुखणें विश्वासानें कळवीत. वास्तविक ती बाई सन १८८३ मध्येंच मरण पावली होती. ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकानें सन १९०५ मध्यें तिच्या थडग्यावरील शिलेचें छायाचित्र छापलें, तेव्हां अनेक भगिनींस कळलें कीं आपलीं पत्रें आजवर परक्याच कोणी वाचलीं.

त्याच वर्षीं ‘कॉलियर्स’ साप्ताहिकांत सॅम्युएल हॉपकिन्स ॲडॅम्स यानें या औषधांविरुद्ध लेखमाला चालविली. नोव्हेंबरांत मार्क सलिव्हन यानें त्याच पत्रांत याहूनहि मर्मभेदक असा एक कागद उजेडांत आणला. औषधवाले वर्तमानपत्रांशीं जे करार करीत त्यांत तांबड्या शाईनें एक कलम छापलेलें असे: या राज्यांत औषधांच्या विक्रीस बाध आणणारा कायदा झाल्यास हा करार रद्द समजावा. अशा कायद्याचा विचार निघाला कीं संपादक न सांगतां औषधवाल्याचा वकील होई. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधिमंडळांत औषधांवर घटकद्रव्यें छापण्याविषयीं वादविवाद झाला, तेव्हां तेथील बहुतेक पत्रांनीं त्याचा उल्लेखहि केला नाहीं. म्हणजे पैशानें केवळ खोटी बातमी येते इतकेंच नव्हे, खरी बातमी नाहींशीहि होते. पुढें ३० जून १९०६ रोजीं शुद्ध अन्न व औषध यांविषयींचा कायदा झाला. त्यानंतर २४ ऑगस्ट १९१२ रोजीं झालेल्या कायद्यानें, टपालाच्या सवलतीचा लाभ घेणाऱ्या प्रत्येक पत्रानें पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असा शब्द स्पष्ट घालावा, न घातल्यास ५० पासून ५०० डॉलरपर्यंत दंड व्हावा, असें ठरलें. मुद्रणस्वातंत्र्यावर घाला पडला अशी ओरड करीत प्रकाशक सर्वोच्च न्यायालयांत गेले. परंतु सन १९१३ मध्यें न्यायालयानें कायदा कायम केला. सरकारी सवलत हवी असेल तर वाचकाशीं प्रामाणिक राहण्याची अट मान्य करावी, असा त्या निर्णयाचा मथितार्थ.

दुसरा दाखला फ्रान्समधील आहे आणि तो अधिक दुःखद आहे. झारच्या सरकारास फ्रेंच जनतेकडून कर्ज हवें होतें. रशियन अर्थखात्याचा पॅरिसमधील प्रतिनिधि आर्थर राफालोविच हा वर्षानुवर्षें फ्रेंच पत्रांस पैसे वांटीत असे. सन १९०४–०५ मध्यें जपानशीं युद्ध आणि घरांत क्रांति असें दुहेरी संकट असतांहि रशियाची पत भक्कम आहे असें फ्रेंच वाचकास पत्रांतून कळत राहिलें. शिक्षक, कारकून, विधवा, लहान शेतकरी यांनीं आपली शिल्लक रशियन रोख्यांत घातली. सन १९१८ मध्यें बोल्शेव्हिक सरकारनें तें सर्व कर्ज नाकारलें आणि लक्षावधि कुटुंबांची पुंजी बुडाली. राफालोविचचीं पत्रें नव्या सरकारच्या हातीं पडलीं व सन १९२३–२४ मध्यें ‘ल्यूमानिते’ या पॅरिसच्या पत्रांत तीं प्रसिद्ध झालीं. तें पत्र त्या वेळीं कम्युनिस्ट पक्षाचें होतें, म्हणजे उजेड पाडणाराहि निरपेक्ष नव्हता. तथापि कागद खरे होते. मात्र ज्यांनीं रोखे घेतले त्यांस ते फार उशिरां वाचावयास मिळाले.

परक्यांच्या घराकडे बोट दाखविणें सोपें असतें. आतां आपल्या अंगणांत येऊं. सन २००९ च्या ऑक्टोबरांत महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. तीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनीं ‘द हिंदू’ पत्रांत दाखवून दिलें कीं तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या स्तुतीचा एकच मजकूर, शब्दास शब्द, एकमेकांशीं स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून आलेला आहे. पानेंच्या पानें स्तुतीनें भरलेलीं. आणि उमेदवाराच्या अधिकृत हिशेबांत वर्तमानपत्रांतील जाहिरातींचा खर्च अवघा ५,३७९ रुपये! पैसे दिल्याचा आरोप संबंधितांनीं नाकारला. सन २०१४ मध्यें निवडणूक आयोगानें त्या हिशेबावर ठपका ठेवला. त्याच वर्षीं दिल्ली उच्च न्यायालयानें आयोगाचा तो निर्णय रद्द केला. त्या एका प्रकरणाचा न्यायनिवाडा आम्हांस येथें करावयाचा नाहीं. परंतु रोग एकट्यादुकट्याचा नव्हता. प्रेस कौन्सिलनें नेमलेल्या दोघा सभासदांनीं ‘पेड न्यूज’विषयीं विस्तृत अहवाल लिहिला, कौन्सिलनें सन २०१० मध्यें त्याचा संक्षेप तेवढा स्वीकारला, आणि नांवांसह मूळ अहवाल माहितीच्या अधिकाराचा बडगा दाखविल्यावर सन २०११ मध्यें बाहेर आला. त्याच वर्षीं उत्तर प्रदेशांतील बिसौलीच्या एका आमदार बाईंस, बातमीच्या रूपानें आलेल्या मजकुराचा खर्च हिशेबांत न दाखविल्याबद्दल, आयोगानें तीन वर्षांकरितां अपात्र ठरविलें.

या तिन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. सोंग उघडें पडलें तें लेखाची भाषा वाचून नव्हे. अमेरिकेंत कराराचा कागद हातीं आला, फ्रान्सच्या बाबतींत खाजगी पत्रें बाहेर आलीं, महाराष्ट्रांत दोन वर्तमानपत्रें शेजारीं शेजारीं ठेवलीं गेलीं. एकटा लेख एकट्या वाचकापुढें असतां तिन्ही ठिकाणीं सोंग टिकून राहिलें होतें.

वर्तमानपत्र कागदावरून पडद्यावर आलें आणि हें सोंग अधिकच सुलभ झालें. कागदावर जाहिरातीची चौकट तरी असे; पडद्यावर सर्व मजकूर एकाच ओघांत वाहतो. १४ जानेवारी १९१३ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनीं, १४ जानेवारी २०१३ रोजीं, ‘अटलांटिक’ या अमेरिकेंतील जुन्या व मान्यवर मासिकाच्या संकेतस्थळावर सायंटॉलॉजी पंथाचा गुणगौरव करणारा लेख झळकला. तो पैसे देऊन छापलेला होता व त्यावर तशी पट्टीहि होती. तरी वाचक इतके संतापले कीं कांहीं तासांतच तो काढून घेऊन मासिकास क्षमा मागावी लागली. हे वाचक जाणते होते. सर्वसाधारण वाचकाची स्थिति काय? सन २०१६ मध्यें स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं शाळकरी मुलांपुढें संकेतस्थळाचें एक पान ठेवलें. ‘प्रायोजित मजकूर’ असे शब्द स्पष्ट असतांहि ८० टक्क्यांहून अधिक मुलांस ती खरी बातमी वाटली. प्रौढांची गोष्ट निराळी असें म्हणावें, तर वॉयडिन्स्की व एव्हन्स यांच्या त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत २४२ प्रौढांपैकीं केवळ १७ जणांनीं जाहिरात ओळखली. गुरुजींनीं एकट्यानेंच लाजण्याचें कारण नाहीं हें यावरून दिसेल. अमेरिकेच्या व्यापार आयोगानें डिसेंबर २०१५ मध्यें अशा वेषधारी जाहिरातींविरुद्ध धोरण जाहीर केलें. आपल्याकडे ९ जून २०२२ च्या नियमावलीनें, शिफारस करणारानें विक्रेत्याशीं असलेला आपला संबंध प्रकट करावा, असें बंधन घातलें. पण पट्टी असूनहि जेथें दिसत नाहीं तेथें नसलेली पट्टी कशी दिसावी?

येथें यंत्राचा प्रवेश होतो. त्याची रीत थोडक्यांत अशी आहे. प्रथम त्यास सहस्रावधि नमुने दाखवितात: ही बातमी, ही जाहिरात. त्यांतून कोणत्या खुणा कोणाशीं निगडित आहेत याचा हिशेब यंत्र स्वतः बसवितें. एकाच मालाचें नांव पुनःपुन्हा येणें, दोषाचा किंवा विरुद्ध मताचा उल्लेख नसणें, शेवटीं खरेदीची निकड असणें, आणि पानाच्या आंतल्या सांकेतिक लिपींत दलालीचे दुवे दडलेले असणें, अशा त्या खुणा. दुसरी रीत तुलनेची. मजकुराचें रूपांतर संख्यांच्या माळेंत करतात. ज्या दोन लेखांच्या माळा जवळजवळ सारख्या, ते लेख सख्खीं भावंडें. गांव बदललें, प्रतिनिधि बदलला, चार शब्द मागेंपुढें केले, तरी माळ फारशी बदलत नाहीं. सन २००९ मध्यें एका दक्ष पत्रकारानें जें काम पत्रें पुढें पसरून केलें, तेंच यंत्र लक्षावधि लेखांवर अहोरात्र करूं शकतें. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं सन २०१८ मध्यें ५ लाखांहून अधिक चलच्चित्रें आणि २१ लक्ष सचित्र टांचणें अशाच यांत्रिक साधनांनीं चाळलीं, तेव्हां दलालीचे दुवे असलेल्या मजकुरापैकीं जेमतेम १० टक्क्यांत वाचकास त्याची कल्पना दिलेली आढळली. एवढा ढीग मनुष्यानें जन्मभर चाळला नसता. मुंबईच्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलनेंहि सन २०२१ पासून असा मजकूर हुडकण्यास एका फ्रेंच यंत्रसाधनाची मदत घेतली.

तात्पर्य, गुरुजींच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. गुरुजींपुढें एकच वही होती. यंत्रापुढें साऱ्या वर्गाच्या वह्या होत्या. उतरवलेला निबंध ओळखण्याची त्यांची हातोटी खोटी नव्हती, परंतु ज्याच्यावरून तो उतरविला ती वही त्यांस कोणी दाखविली नव्हती.

तथापि एवढ्यावर समाधान मानून यंत्राच्या हातीं न्यायदंड द्यावा, असें आम्ही म्हणणार नाहीं. त्याचें एक कारण सर्वांस माहीत आहे: हेंच यंत्र जाहिरातवाल्याच्याहि पदरीं चाकरीस आहे. नोव्हेंबर २०२३ मध्यें ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या प्रसिद्ध अमेरिकन पत्राच्या संकेतस्थळावर वस्तूंची परीक्षणें लिहिणारे कांहीं ‘लेखक’ अस्तित्वांतच नसल्याचें उघडकीस आलें. त्यांचे चेहरे यंत्रानें घडविलेले असून एका संकेतस्थळावर विकावयास ठेवलेले होते. मजकूर बाहेरच्या कंपनीनें पुरविला होता. मजकूर माणसांनींच लिहिला असें त्या कंपनीचें म्हणणें होतें. कसेंहि असो, लिडियाबाई निदान एके काळीं जिवंत तरी होत्या!

दुसरें कारण आमच्या स्वतःच्या अनुभवाचें आहे, व तें सांगतांना आम्हांस थोडा संकोच होतो. गुरुजींच्या घरचा प्रकार पाहिल्यावर आम्हीं त्याच साधनाची परीक्षा घेण्याचें ठरविलें. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्यानें एका दैनिकांत पैसे देऊन लेख छापून आणला होता. हें त्यानेंच आम्हांस हंसत हंसत सांगितलें होतें. लेख बेताचा, दोन ठिकाणीं मालाचे बारीकसे दोषहि दाखविणारा. यंत्रानें तो निर्दोष बातमी म्हणून सोडून दिला. नंतर आम्हीं आमच्याच मासिकांतील दहा लेख त्यापुढें ठेवले. एका ग्रंथपरीक्षणावर त्यानें बोट ठेवलें: यांत एकहि उणीव सांगितलेली नाहीं, प्रकाशकाचें नांव तीनदां आलें आहे, शेवटीं प्रत्येक घरीं हें पुस्तक असावें असा आग्रह आहे, हा मजकूर प्रायोजित असण्याचा संभव आहे. तें परीक्षण आमच्याच लेखणीचें होतें.

प्रथम आम्हांस राग आला. आम्हीं एक कवडीहि घेतली नव्हती. परंतु रात्रीं तें परीक्षण पुन्हा काढून वाचलें तेव्हां राग ओसरूं लागला. ग्रंथाचे लेखक आमचे तीस वर्षांचे स्नेही. ग्रंथ आम्हांस भेट आलेला. त्यांतील दोन प्रकरणें कच्चीं आहेत हें आम्हांस वाचतांनाच वाटलें होतें, आणि आम्हीं तें लिहिलें नव्हतें. आमचें परीक्षण वाचून कोणी पदरचे चारशें रुपये खर्च केले असतील, तर त्या वाचकास ही हकीकत ठाऊक असावयास नको होती काय? यंत्राचा निष्कर्ष चुकीचा होता. त्याची शंका अनाठायीं नव्हती.

यावरून यंत्राची मर्यादा आणि उपयोग दोन्ही एकदम ध्यानांत येतात. यंत्रास ढब दिसते, व्यवहार दिसत नाहीं. पैसा टेबलाखालून गेला कीं स्नेह टेबलावरून आला, हें मजकुरांत लिहिलेलें नसतें. म्हणून सांवध लेखणीचा विकलेला लेख सुटतो आणि भाबड्या लेखणीचा न विकलेला लेख सांपडतो. कराराचा कागद आणि खाजगी पत्र बाहेर काढण्यास माणूसच लागतो, व तो कागद दाखविण्यास भाग पाडणारा कायदा लागतो. यंत्र साध्य करतें तें तिसरें काम, शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याचें. त्यास पंच नेमूं नये, परंतु पहारेकरी अवश्य नेमावें. त्यानें भुंकल्यावर कंदील घेऊन दाराशीं जाण्याचें काम घरच्या माणसाचें.

म्हणून सुशिक्षित कुटुंबांतील तरुण मंडळींस आमची सूचना अशी आहे कीं, हीं साधनें त्यांस वापरतां येतात तर तीं घरांतील वडीलधाऱ्यांकरितां वापरावीं, आणि वापरतांना केवळ ‘ही जाहिरात आहे काय?’ एवढेंच विचारूं नये. हाच मजकूर आणखी कोठें आला आहे? यांत नांव घेतलेला वैद्य किंवा प्रतिनिधि खरोखर कोठें नोंदलेला आहे काय? हें वाचून मीं खरेदी केली तर पैसा कोणाकडे जाईल? हे तीन प्रश्न विचारावे, मिळालेलें उत्तर स्वतः पडताळून पाहावें, आणि औषधपाण्याच्या बाबतींत तर वैद्यास विचारल्यावांचून गोळीचा कणहि कमी करूं नये. गुरुजी आतां बरे आहेत. त्यांच्या गोळ्या पूर्ववत् चालू आहेत. मात्र आलेली कोणतीहि बातमी ते मुलीस वाचून दाखविल्याशिवाय खरी मानीत नाहींत, आणि खरी बातमीहि आतां त्यांस लवकर खरी वाटत नाहीं. वेषधारी जाहिरातीनें केलेलें हें नुकसान कोणत्याहि हिशेबांत दिसत नाहीं.

राहतां राहिलों आम्ही. पुढील अंकापासून या मासिकांतील प्रत्येक परीक्षणाच्या माथ्यावर, ग्रंथ भेट आला कीं विकत घेतला, आणि परीक्षकाचा लेखकाशीं किंवा प्रकाशकाशीं कांहीं संबंध आहे कीं काय, हें दोन ओळींत छापलें जाईल. ज्या परीक्षणामुळें हा निश्चय करावा लागला त्याची पुरवणी, त्या दोन कच्च्या प्रकरणांसह, त्याच अंकांत येईल. आमच्या स्नेह्यांस आम्हीं हें कळविलें आहे. त्यांचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.